अपघातात वाकलेली मोटारसायकलची फ्रेम: सरळ करावी, बदलावी की गाडी सोडून द्यावी?

प्रश्न – पाटणखोरे

नमस्कार. गेल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ कराडहून पाटणकडे घरी येत असताना, रात्री साडेनऊच्या सुमारास, त्याची गाडी उसाने भरलेल्या आणि रस्त्याकडेला थांबलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टरही नव्हता. भावाच्या मनगटाचे हाड मोडले आहे. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. तो आता घरी आहे आणि हाताचे प्लास्टर दीड महिन्याने निघेल. प्रश्न गाडीचा आहे आणि तो मी जाणत्या माणसांपुढे नीट मांडतो.

गाडी पल्सर १५०, नोंदणीला तीन वर्षे उलटून गेलेली. विमा सर्वंकष आहे, परंतु झीरो डेप (भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेले नाही. पॉलिसीवरील आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ६२,००० रुपये आहे. पुढचे चाक, रिम, मडगार्ड, हेडलाइट, टाकीचा पुढचा भाग आणि शॉकअप गेलेच आहेत. टायर मागे सरकून इंजिनासमोरून खाली उतरणाऱ्या दोन नळ्यांवर आदळले असून उजव्या नळीवर हाताला जाणवणारा खोलगटपणा आला आहे. हँडलच्या नळीखाली, जिथे त्रिकोणी पट्टी जोडलेली असते, तिथला रंग पापुद्र्यासारखा उडाला आहे. मी घरी टेपने दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर मोजले, तर ते सुमारे १२९८ मिमी भरले. गाडीच्या पुस्तिकेत १३२० लिहिले आहे.

माझ्यापुढे तीन मते आहेत. सर्व्हिस सेंटरने फ्रेम बदलण्यासह ४८,२०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आणि वर असेही सुचवले की, एवढ्या खर्चापेक्षा टोटल लॉस करून, म्हणजे गाडी पूर्ण निकामी धरून विम्याचे पैसे घेऊन, मोकळे व्हा. गावातील एका अनुभवी वेल्डरचे म्हणणे आहे की, तो गॅसवर तापवून, जॅक लावून साडेतीन हजारांत फ्रेम सरळ करून देईल आणि अशा कितीतरी गाड्या त्याच्या हातून गेल्या आहेत. तिसरे मत आमच्या वडिलांचे आहे. पैसे बुडाले तरी चालतील, पण ज्या गाडीची खात्री नाही तिच्यावर पोराला बसवायचे नाही, असे ते म्हणतात. भावाला रोज येऊन-जाऊन ५६ किलोमीटर प्रवास करावा लागतो, त्यामुळे गाडीवाचून भागणार नाही. फ्रेम खरोखर किती वाकली आहे हे कसे ठरवायचे, आणि ते ठरल्यावर कोणता मार्ग धरायचा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – उद्यमनगर_फिटर

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे दुचाकींचे काम करतो. तुम्ही अंतर मोजूनच प्रश्न विचारला हे फार बरे केले, कारण बहुतेक लोक गाडीकडे नुसते बघून ‘थोडीच वाकली आहे’ असे म्हणतात आणि त्या ‘थोडी’चा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. परंतु तुमच्या २२ मिमीच्या फरकावरून एकट्या फ्रेमचा निकाल लावता येणार नाही. समोरून धडक बसली की सर्वांत आधी शॉकअपच्या नळ्या खालच्या टीच्या (शॉकअपच्या दोन्ही नळ्यांना हँडलशी धरून ठेवणाऱ्या आडव्या भागाच्या) लगेच खाली मागे वाकतात, आणि चाकांमधील अंतर त्यानेही कमी होते. म्हणून पहिली पायरी अशी की, वाकलेले शॉकअप आणि दोन्ही टी उतरवून त्यांच्या जागी त्याच गाडीचे सरळ, खात्रीचे शॉकअप तात्पुरते बसवावेत, साखळीचे दोन्ही अ‍ॅडजस्टर मागच्या चाकाजवळ सारख्या खुणेवर आणावेत आणि मग डावीकडून व उजवीकडून पुन्हा अंतर घ्यावे. आता जे कमी भरेल, ते फ्रेमचे.

त्या उरलेल्या फरकाचा अर्थ समजून घ्या. हँडलच्या नळीचे खालचे टोक मागे जाऊन ती एक अंशाने कलली तर आस साधारण ११ ते १२ मिमी मागे येतो, कारण नळीपासून आसापर्यंतचे अंतर साठ-सत्तर सेंटीमीटर असते. आणि तेवढ्याच एका अंशाने ट्रेल सुमारे ६ मिमी कमी होतो. ट्रेल म्हणजे हँडलच्या नळीची कललेली रेषा पुढे वाढवली तर ती जिथे जमिनीला टेकेल तो बिंदू आणि टायर जिथे जमिनीला टेकते तो बिंदू, या दोहोंमधील अंतर. हे अंतरच गाडीला सरळ धावायला लावते. ते कमी झाले की हँडल हलके लागते आणि गावात तर गाडी उलट चांगली वळते असेही वाटते. पण साठ-सत्तरच्या वेगात खड्डा लागला की हँडल थरथरू लागते आणि ते आवरत नाही. तुमच्या भावाचा रस्ता मी जाणतो. ऊस हंगामात त्या रस्त्यावर खड्डे चुकवता येत नाहीत.

पुढे-मागे झालेला बाक अंतर मोजून कळतो, पण पिळा कळत नाही. त्यासाठी दोरीची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. मागच्या टायरच्या मागून एकच दोरी, आसाच्या थोडी खालून, दोन्ही बाजूंनी ताणून पुढे आणायची, अशी की ती मागच्या टायरला पुढे व मागे दोन्हीकडे टेकेल. पुढचे टायर मागच्यापेक्षा अरुंद असते, म्हणून हँडल सरळ असताना त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून सारखी फट दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर चिमटा (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा भाग) वाकला आहे किंवा फ्रेम पिळली आहे. मग गाडी मधल्या स्टँडवर सपाट फरशीवर उभी करून मागून पाहा. मागचे चाक उभे आणि पुढचे किंचित तिरके दिसले तर हँडलची नळी कुशीला कललेली असते. तो दोष सर्वांत वाईट, कारण तो जॅकने एका दिशेला ढकलून जात नाही.

खरी मोजणी मात्र इंजिन उतरवल्यावरच होते. इंजिन बोल्टने घट्ट बांधलेले असताना फ्रेमला ते धरून ठेवते आणि बोल्ट सैल करताच नळ्या पाच-सात मिलिमीटर सरकलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत. फाउंडेशन बोल्ट (इंजिन फ्रेमला बांधणारे) हाताने बाहेर येत नसतील, हातोडीने ठोकून काढावे लागत असतील, तर तीच एक साक्ष समजा. यंत्रावर बांधून मोजणारी दुकाने आपल्याकडे थोडी आहेत. तशी सोय नसेल तर कोनसेटच्या (हँडल ज्यांवर फिरते त्या बेअरिंगच्या) दोन्ही वाट्यांतून एक सरळ घासलेली सळई घालून, चिमट्याच्या बोल्टच्या जागी दुसरी सळई घालून, त्या दोन सळयांची एकमेकींशी काटकोनात तुलना करणे हे कोणताही चांगला फिटर करू शकतो.

आता उडालेल्या रंगाविषयी. रंग धातूइतका ताणला जात नाही, म्हणून खालची पट्टी ताणली गेली की आधी रंग तडकतो. त्या जागी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका, नाहीतर भेग असलीच तर ती बुजून दिसेनाशी होईल. रंग रिमूव्हरने काढा आणि डीपी टेस्ट, म्हणजे रंगीत द्रवाने भेग शोधण्याची चाचणी, करा. तीन फवारे येतात: एक स्वच्छ करायचा, एक लाल आणि एक पांढरा. लाल द्रव मारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुसायचे आणि पांढरा मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. तासवडे एमआयडीसीत वेल्डिंगची तपासणी करणारा कोणीही हे अर्ध्या तासात करून देईल.

माझा नियम सांगतो. मधल्या किंवा मागच्या भागात, सीटखाली, मडगार्डच्या पट्टीत बाक असेल तर तो थंड स्थितीत सरळ करायला मी तयार असतो. हँडलच्या नळीजवळ भेग असेल, किंवा नळीला चपटेपणा वा सुरकुती आली असेल, तर मी फ्रेमला हात लावत नाही. नळीची ताकद तिच्या गोलाईत असते आणि एकदा ती चेमटली की बाहेरून सरळ दिसली तरी ती गोलाई परत येत नाही. तुमच्या उजव्या नळीचा खोलगटपणा मला म्हणूनच खटकतो.

उत्तर २ – घाटवाट

वेल्डरच्या पर्यायाविषयी माझा स्वतःचा अनुभव लिहितो, कारण साडेतीन हजारांचा मोह मलाही झाला होता. माझी दुसऱ्याच कंपनीची गाडी दरीकडच्या कठड्याला लागून अशीच वाकली. तापवून, जॅक लावून ती इतकी सुरेख सरळ झाली की, रंग दिल्यावर जोड कुठे आहे हेही दिसेना. आठ महिने ती मी विनातक्रार चालवली. पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी गाडी धुताना टाकीखाली, हँडलच्या नळीला लागून, एक बारीक तांबूस रेघ दिसली. चिखल समजून मी ती अंगठ्याने पुसली आणि पाणी मारताच ती पुन्हा आली, कारण आतून गंज बाहेर येत होता. टाकी काढली तेव्हा भेग नळीच्या निम्म्या घेरापर्यंत पोचलेली होती. त्या आठवड्यातच मी पत्नीला मागे बसवून आंबा घाट उतरलो होतो, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

नंतर एका धातुशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी मला कारण समजावले. पोलादाची नळी एकदा वाकताना आपली लवचीकता काही प्रमाणात खर्च करते. ती उलट वाकवली की उरलेलीही खर्च होते. त्यात वेल्डच्या शेजारी गॅसने लालबुंद तापवले तर तेवढाच पट्टा मऊ पडतो आणि त्याच्या कडेला कठीण धातू राहतो. रोजच्या हादऱ्यांचा ताण नेमका त्या सीमेवर साठतो आणि भेग तिथे जन्म घेते. ती पहिल्या दिवशी नसतेच, म्हणून वेल्डरला ती दाखवता येत नाही आणि तो खोटेही बोलत नसतो. ज्या गाड्या त्याच्या हातून गेल्या त्या वर्षभराने कशा होत्या, हे त्याला कोणी येऊन सांगितले आहे का, एवढे मात्र त्याला अवश्य विचारा.

उत्तर ३ – दावेतपासनीस

मी मोटार विम्याचे दावे तपासण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. वरील दोघांनी धातूची बाजू सांगितली. मी कागदाची सांगतो, कारण फ्रेमच्या बाबतीत कागद चुकला तर चांगली दुरुस्तीही अंगावर येते.

आधी टोटल लॉसचा मुद्दा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ४६,५०० रुपये आहे आणि अंदाजपत्रक ४८,२०० चे, म्हणून सर्व्हिस सेंटरने तसे सुचवले असावे. परंतु पॉलिसीतील मूळ वाक्य नीट वाचा: खर्च ‘पॉलिसीच्या अटींना अधीन राहून’ मोजायचा आहे, आणि घसारा (भाग जुने झाल्याबद्दल त्यांच्या किमतीत होणारी कपात) ही त्या अटींपैकीच एक आहे. तुमच्या गाडीचे वय तीन वर्षांहून जास्त व चारहून कमी आहे, तेव्हा धातूच्या भागांवर २५ टक्के आणि प्लास्टिक, रबर, टायर यांवर ५० टक्के घसारा लागतो. मजुरीवर काही लागत नाही. समजा तुमच्या अंदाजपत्रकात धातूचे भाग ३१,४०० रुपयांचे, प्लास्टिक व रबर ९,८०० चे आणि मजुरी ७,००० ची आहे. मग कंपनीचे देणे अनुक्रमे २३,५५०, ४,९०० आणि ७,००० असे मिळून ३५,४५० होते. दुचाकीसाठी सक्तीची वजावट १०० रुपये काढली की ३५,३५०. हा आकडा ४६,५०० च्या बराच खाली आहे. म्हणजे दुरुस्ती मागण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे आणि तुमच्या खिशातून सुमारे १२,८५० रुपये जातील. सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान पाहणारा तपासनीस) कोणता आकडा धरतो ते त्याच्याकडून लेखी मागून घ्या, तोंडी उत्तरावर सही करू नका.

सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडू नका. त्याची पहिली पाहणी झाली की, इंजिन उतरवल्यावर फ्रेम पुन्हा पाहण्याची विनंती ईमेलने करा. वरच्या फिटरसाहेबांनी सांगितलेली मोजणी आणि डीपी टेस्टचे फोटो त्याच वेळी त्याच्यापुढे ठेवा. फ्रेम ‘दुरुस्त करता येईल’ असा शेरा एकदा अहवालात गेला की तो बदलून घेणे अवघड होते. दावा अन्याय्य रीतीने कापला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. सातारा जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आता आरटीओ. चेसिस नंबर फ्रेमवरच, हँडलच्या नळीवर कोरलेला असतो. म्हणून फ्रेम बदलणे म्हणजे आरसीवरील ओळखच बदलणे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. तेव्हा काम सुरू करण्याआधी कराडच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत अंदाजपत्रक, सर्व्हेअरचा अहवाल, पोलिसांकडील नोंद आणि जुन्या नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा जोडा. हा ठसा आजच घ्या. नंबरावरची धूळ कापडाने पुसायची, पातळ कागद घट्ट दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. १७ अक्षरे स्पष्ट उमटली पाहिजेत. नवी फ्रेम अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. मोटार वाहन निरीक्षकाने गाडी पाहून आरसीवर नोंद होईपर्यंत ती रस्त्यावर आणू नका. काही जण जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची फ्रेम आणून तिच्यावर आपला नंबर कोरून घेतात. तो गुन्हा आहे, आणि अशी गाडी पुढच्या अपघातात विम्याबाहेर तर जातेच, पण चोरीच्या संशयात मालकही अडकतो. जुनी फ्रेम भंगारात देताना नंबर असलेला तुकडा काय झाला याचा लेखी पुरावा ठेवा.

शेवटी टोटल लॉसच घ्यायचे ठरले तर आरसी रद्द करून घेण्याचा आग्रह धरा. गाडी कायमची निकामी झाली असल्यास कलम ५५ नुसार १४ दिवसांत तसे नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. तुमच्या नावाची चालू आरसी आणि मोडकी गाडी एकत्र कोणाच्या हाती देऊ नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – पाटणखोरे

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या बारा दिवसांत काय झाले ते लिहितो.

सर्व्हेअरची पहिली पाहणी झाल्यावर सर्व्हिस सेंटरने सरळ शॉकअप तात्पुरते बसवून दिले. अंतर डावीकडून १३०७ आणि उजवीकडून १३०५ मिमी भरले. म्हणजे २२ पैकी सात ते नऊ मिमी शॉकअपचे होते आणि उरलेले फ्रेमचे, जे फिटरकाकांच्या हिशेबाने एक अंशाहून थोडे अधिक होते. इंजिन उतरवताना पुढचा वरचा बोल्ट खरोखरच ठोकून काढावा लागला आणि तो निघताच नळी पुढच्या बाजूला सरकलेली मी डोळ्यांनी पाहिली. तासवड्यातील एका फॅब्रिकेशन दुकानात डीपी टेस्ट केली. पांढरा फवारा मारल्यावर दोन-तीन मिनिटे काहीच दिसले नाही आणि मग त्रिकोणी पट्टीच्या उजव्या टोकापासून वर, वेल्डच्या कडेने, साधारण अंगठ्याच्या नखाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. भाऊ गळ्यात हात अडकवून शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, फक्त मोबाइलवर फोटो काढून त्याने वडिलांना पाठवला.

त्यानंतर वेल्डरचा प्रश्नच उरला नाही. त्यांना मी स्वतः जाऊन फोटो दाखवला. त्यांनीही ‘ही जागा मी तापवणार नाही’ असे मोकळेपणाने सांगितले. सर्व्हेअरने दुसऱ्या पाहणीत ‘फ्रेम बदलणे आवश्यक’ असा शेरा दिला असून घसारा वजा जाता दुरुस्तीचा दावा लेखी मान्य केला आहे. वडिलांनाही नवी फ्रेम मान्य आहे. कराडच्या आरटीओ कार्यालयात अर्ज दिला आहे. ठसा तीन प्रतींत घेतला, त्यांतील एक घरी ठेवली आहे. आता नवी फ्रेम बसवताना सर्व्हिस सेंटरकडून कोणती कामे अंदाजपत्रकात नसली तरी करून घ्यावीत, एवढे फिटरकाकांनी कृपया सांगावे.

उत्तर ४ – उद्यमनगर_फिटर

कोनसेट नवाच घाला. जुन्या वाट्यांवर धडकेत गोळ्यांचे ठसे उमटलेले असतात आणि हँडल मध्यावर अडखळते. दोन्ही टी बदलायला सांगा, खालची तर नक्कीच, कारण तिच्यातला बाक डोळ्याला दिसत नाही. मागच्या चाकाचा आस आणि चिमट्याचा बोल्ट काचेवर लोळवून पाहा. डुलला तर बदला. इंजिनाचा जो बोल्ट ठोकून काढला तो पुन्हा वापरू देऊ नका, आणि त्या बोल्टाची इंजिनावरची कानशी (बोल्ट ज्यातून जातो तो पुढे आलेला भाग) आतून तडकली आहे का हेही त्याच तीन फवाऱ्यांनी बघून घ्या, कारण ती अ‍ॅल्युमिनियमची असते आणि नळी मागे सरकते तेव्हा सारा ताण तिच्यावर येतो. जोडणी झाल्यावर दोरी लावून आणि दोन्हीकडून अंतर मोजून ते आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या. गाडी पाचशे किलोमीटर चालली की सर्व फाउंडेशन बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्यावेत.